ओबोवर ‘नाही’ म्हणता येत नाही

बोलोन्या, २८ डिसेंबर १७३४

तादेओ,

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात येईलच. लिहिलं होतं. मग खोडलं. खोडलेलं तुला दिसेल म्हणून कागदच बदलला. तेव्हा हे पत्र तू बिनधास्त वाच. मला काही मागायचं नाही.

एवढंच विचारायचंय, परवा तू ऐकलंस ना?

कान तुझे उघडे होते हे मला ठाऊक आहे. मंचाच्या खाली, माएस्त्रो फावाच्या हार्पसिकॉर्डला लागून बसला होतास. पण कानावर पडणं वेगळं आणि ऐकणं वेगळं, हे तुला मी काय सांगायचं!

रेज्जोच्या जत्रेला आठ महिने होत आले. तिथे त्या बांधावर, तुतीच्या झाडांखाली, मी तुला जे सांगितलं ते सांगायचं धैर्य गोळा करायला मला चार वर्षं लागली होती. तुला उत्तर द्यायला दोन पावलंही लागली नाहीत. “ओर्सोला, तुझं गाणं मला फार आवडतं,” तू म्हणालास. “पण तेवढंच.” मग टोपी नीट केलीस आणि म्हणालास, “चल, जेवण निवेल.” आणि मी आलेही! तुझ्यासमोर बसून सूप प्यायले, मीठ कमी आहे असंही म्हणाले. त्या दिवसापासून तू माझ्याशी तालमीपुरतं बोलतोस आणि थिएटरमधून बाजूच्या दाराने जातोस. मी काय मोठ्या दाराशी आडवी पडून राहणारी बाई आहे का रे?

असो. तू खाली कागदात डोळे घालून बसतोस, वर काय चाललंय ते तुला दिसत नाही, म्हणून सांगते. या ऑपेरात मी सेलिंदा, एका बेटावरची राजकन्या. तिचा माणूस जहाजात बसून निघालाय. ती किनाऱ्यावरून हाका मारते आणि पाण्यावरून त्याचा आवाज येतो. तो आवाज म्हणजे तू फुंकतोस तो ओबो. शब्द तर तुला पाठ असतील:

उत्तर दे, कठोर दे,
पण मुकं पाणी मला देऊ नको.

पहिला भाग मी कागदावर होता तसा गायले. मधला गायले. मग पहिला भाग पुन्हा आला, जिथे गाणाऱ्याला मोकळीक असते, आपल्या हरकती, आपल्या ताना. तिथे मी सेलिंदाला दिलं सोडून. जे मी रेज्जोला धड बोलू शकले नाही ते सगळं त्या दहा ओळींत घातलं. आणि तू उत्तर दिलंस. मी खाली उतरले की तू उतरलास. मी सूर सोडला की तू तो हातात घ्यावा तसा उचललास. तिसऱ्या वेळी तर तू इतका हळू आलास की माझ्या पाठीवर काटा आला. लोकांनी पद पुन्हा गायला लावलं, आणि तू पुन्हा तसाच आलास.

ओबो या पदात कसा घुसला ते मला विचारू नकोस. पद फावाने लिहिलं, हेही त्याच्याच डोक्यातून निघालं. तो म्हणतो, पाण्यावरून ऐकू यायला ओबोसारखं दुसरं वाद्य नाही.

मी काही मागत नाही, हे वर लिहिलंच आहे.

ओर्सोला


बोलोन्या, ७ जानेवारी १७३५

तादेओ,

गाव वेडं झालंय. आज सकाळी कमानींखालून येताना चेस्टनट भाजणारा आपलं पद गुणगुणत होता. ओबोचा भाग, माझा नव्हे! रेशमाच्या कारखान्यातल्या पोरी माझ्यामागून “मुकं पाणी, मुकं पाणी” करत आल्या. सिन्योर पान्दोल्फींनी जाहिरातीच्या कागदावर आता ‘ओबोसह’ असं मोठ्या अक्षरांत छापलंय. त्यांचं थिएटर, त्यांची मर्जी. मला म्हणाले, “सिन्योरा ओर्सोला, मुख्य गायिकेने माझ्याशी बोलणं टाकलंय. म्हणजे तुमचं छान चाललंय.”

पण मी लिहायला बसले ते काल तू बोललास म्हणून. आठ महिन्यांनी, आपणहून. मी मागच्या बोळात मुकुट सोडवत होते आणि तू भिंतीला टेकून उभा राहिलास.

“शेवटची तान जरा आवरती घे,” तू म्हणालास.

“का? लोकांना आवडते.”

“लोकांना वाजवावी लागत नाही.”

“दम पुरत नाही का?” मी हसले. मला हसायला नको होतं.

“दम पुरतो गं. उरतो. ओबोच्या तोंडाच्या पत्तीतून वारा जातो तो चिमूटभर. बाकीचा छातीत कोंडून राहतो. मला श्वास घ्यायला जागा नकोय, सोडायला हवीय.”

एवढं बोलून तू गेलास, आणि मी एका हातात मुकुट धरून तशीच उभी. काल संध्याकाळपासून मी ते वाक्य घेऊन फिरतेय. कोंडून राहतो. सोडायला जागा हवीय. तादेओ, माणूस उगाच असं बोलतो का? जे कोंडलंय ते मलाच येऊन का सांगितलंस? फावाला सांगायचं होतंस, वाजवणारे त्याच्या हाताखाली आहेत.

आता एक कबुली. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. ओबो फावाच्या डोक्यातून निघाला नाही. नोव्हेंबरात मी त्याच्या घरी गेले, आठवडाभर त्याच्या डोक्यावर बसले, आणि पदात ओबो घालून घेतला. तो म्हणाला, “बाई, व्हायोलिन घालू, स्वस्त पडेल आणि कमी रडेल.” मी म्हणाले, ओबोच हवा. आणि पान्दोल्फींनी करार पुढे केला तेव्हा मी विचारलं की ओबो कोण वाजवणार. त्यांनी मोदेनाच्या कोणाचं तरी नाव घेतलं. मी लेखणी खाली ठेवली. तुझं नाव घातलं तेव्हा उचलली. त्यामुळे इथे तू माझ्यामुळे आहेस. रागावू नकोस. तुला काम मिळालं, नाव मिळालं, यात वाईट काय झालं?

तान मी आवरती घेणार नाही. घेतली तर तुझा माझ्याशी बोलायचा विषयच संपेल.

ओर्सोला


बोलोन्या, २० जानेवारी १७३५

तादेओ,

ब्रिजिदाने सांगितलं असेलच, मी तुझ्या घरी येऊन गेले. तिने सांगितलं नसेल तर माझ्याकडून ऐक.

मी दार वाजवलं. तुझी बहीण बाहेर आली, हात कोपरापर्यंत पिठाचे.

“गाणारीण होय,” म्हणाली. “पाय पूस आणि ये. तादेओ घरी नाही. असता तरी तुझ्यापुरता नसताच.”

स्वयंपाकघरात टेबलभर कणीक लाटून पसरलेली, आणि वर दोरीवर रुमाल वाळत घातलेले. सात-आठ रुमाल, प्रत्येकावर तपकिरी डाग, धुऊनही न गेलेले. मी विचारलं, “वाद्याला लावायचं तेल का हे?”

“तेल!” ब्रिजिदाने लाटणं खाली ठेवलं. “रक्त आहे ते. खालच्या ओठाला आतून चीर पडलीय त्याच्या. ओबो वाजवताना ओठ दातांवर दुमडून घ्यावा लागतो ना, तिथे दात रुततो. तुझं ते पद एकदा वाजवायचं म्हणून लिहिलेलं. लोक तीनदा गायला लावतात आणि तू दर खेपेला शेपूट वाढवतेस. रोज तुरटीच्या पाण्याने चुळा भरतो. पाव दुधात भिजवून गिळतो.”

“मला तो काही बोलला नाही.”

“बोलला असता तर तू दिवसभर त्याच्या ओठांचा विचार करत बसली असतीस. म्हणून असेल.”

तोंडात मारल्यासारखं झालं मला. तरी मी विचारायचं ते विचारलंच. “ब्रिजिदा, दुसरी कोणी आहे का?”

तिने माझ्याकडे इतका वेळ बघितलं की मला खाली बघावं लागलं.

“नाही,” म्हणाली. “हवं तर पलंगाखाली बघून ये. दुसरी असती तर बरं वाटलं असतं ना तुला? तिच्या नावाने बोटं तरी मोडता आली असती.”

मी रडले. ती म्हणाली, “रडायचं तर तिकडे सरक, कणीक भिजेल.” पण मग स्वतःच एक स्टूल ओढून दिलं आणि हाडांच्या रश्शात टाकलेल्या, सारण भरलेल्या कणकेच्या तोर्तेल्लिनी वाडग्यात घालून समोर ठेवल्या. खाताना तिने मला पार्माचं सांगितलं. तिथल्या एका सरदाराने आपल्या घरच्या वाद्यमंडळात तुला बोलावलंय, ईस्टरनंतर रुजू व्हायचंय, कायमची जागा, राहायला दोन खोल्या. तिथे बागेत अंजीर आहे म्हणे. ते अंजिराचं सांगताना तिचा आवाज बदलला. भावाबरोबर तीही जाणार. “तेवढा ओठ कार्निव्हलचे खेळ संपेपर्यंत टिकू दे,” म्हणाली. “पाया पडते तुझ्या.”

ती काही पडली नाही पाया, पण ती असं म्हणेल असं मला वाटलं नव्हतं.

मी तिला शब्द दिलाय. आजपासून तान आटोपती घेईन. लोकांनी कितीही आरडाओरडा केला तरी पद दुसऱ्यांदा घेणार नाही. तुला पार्माला जायचंय हे मला माहीत नव्हतं. कोणीच सांगितलं नाही. पार्मा तसं लांब नाही.

ओर्सोला


बोलोन्या, ४ फेब्रुवारी १७३५

तादेओ,

हे पत्र तू वाचणार नाहीस आणि ते बरोबरच होईल. तरी लिहिते, कारण काल काय झालं ते सगळे जण वेगवेगळं सांगतायत आणि खरं फक्त मला माहीत आहे.

ब्रिजिदाला दिलेला शब्द मी दोन प्रयोग पाळला. तान चार सुरांत संपवली, लोकांना मुजरा केला, आत गेले. दोन्ही दिवशी तू ओबो पुसून पिशवीत घातलास आणि मी मुकुट काढेपर्यंत थिएटरबाहेर पडला होतास. एक नजर नाही. त्या दोन दिवसांत माझ्याकडे काहीच उरलं नाही. तुला कळतंय का? अख्ख्या दिवसात माझ्या वाट्याला तेवढंच होतं. त्या दहा ओळींपुरता तू माझ्या मागे यायचास, माझ्यासाठी थांबायचास. तेही मीच हाताने बंद केलं होतं. तिसऱ्या प्रयोगाला मला ते जमलं नाही. चौथ्याला मी प्रयत्नसुद्धा केला नाही.

काल पहिल्यांदा पद झालं तेव्हा तुझा सूर थोडा खरखरला. लोकांनी पुन्हा मागितलं. फावाने माझ्याकडे बघून मान हलवली: नको. मी त्याला सुरुवात करायची खूण केली.

शेवटची तान घेताना मी वरच्या सज्ज्यांकडे बघत नव्हते, तुझ्याकडे बघत होते. तुझा ओठ पांढरा पडला होता आणि पत्तीपाशी लाल दिसत होतं. मी पाहिलं, तादेओ. पाहिलं आणि आणखी एक सूर चढवला, आणि तो धरून ठेवला. मनात म्हणत होते, ये. आता ये. एवढं सगळं असूनही आलास तर मी समजेन.

तू आलास. आणि सूर फाटला. काय आवाज झाला तो तू जाणतोस. वर सज्ज्यातल्या कोणीतरी बदकासारखं केलं, मग दुसऱ्याने, मग सगळ्या सज्ज्याने. तू पुन्हा ओबो तोंडाला लावलास. का लावलास? पुन्हा तेच. मग तू रुमाल तोंडावर धरून खाली बसलास, आणि तुझी उरलेली ओळ फावाने हार्पसिकॉर्डवर वाजवून संपवली.

मी काय केलं? मी गात राहिले. शेवटपर्यंत गायले. टाळ्या मला मिळाल्या.

पान्दोल्फींनी तुला काढून टाकलं, आज सकाळी मला त्यांनीच सांगितलं. “सिन्योरा, मी ओबोवाल्याला ठेवलं होतं, बदकाला नाही.”

“त्याची चूक नव्हती,” मी म्हणाले.

“मग कोणाची?”

त्यांनी खरंच विचारलं होतं. उत्तरासाठी थांबलेही. मी हातमोजे चढवत राहिले.

आणखी एक आहे. ते लिहिल्याशिवाय कागद बंद करता येत नाही. तू रुमाल धरून बसलास तेव्हा, सगळं थिएटर हसत होतं तेव्हा, माझ्या मनात एक क्षण आलं की आता पार्मा गेलं, आता याला कोणी तरी लागेल. मला आनंद झाला. क्षणभरच. पण झाला.

ओर्सोला


बोलोन्या, १२ फेब्रुवारी १७३५

तादेओ,

आज तू भेटलास. तुझ्या चर्चबाहेरच्या कमानीत, भर सकाळी, आणि ब्रिजिदा माशांची टोपली घेऊन दहा पावलांवर उभी. तू जे बोललास ते मी इथे उतरवून ठेवतेय. माझं डोकं शब्द फिरवतं, हे आता मला कळलंय. उद्यापर्यंत मी त्याचं काहीतरी भलतंच करून ठेवेन. म्हणून आत्ताच.

तू गरम घास तोंडात धरल्यासारखा बोलत होतास. ओठ केवढा सुजलाय. मी हात पुढे केला आणि तू मान मागे घेतलीस. झटकन नाही, सावकाश. ते जास्त लागलं.

“वैद्य म्हणतो, ईस्टरपर्यंत फुंकायचं नाही,” तू म्हणालास. “मग बघू. पार्माच्या कारभाऱ्याचं पत्र आलंय. आवाज फुटणारा माणूस त्यांना नको.”

“मी तुझी काळजी घेईन,” मी म्हणाले. “माझी वसंतातली कामं ठरलीयत. तू काही करू नकोस, नुसता राहा. मी तुला—”

“ओर्सोला.”

“तू मला रोज उत्तर देत होतास!” माझा आवाज चढला. चर्चमधून निघालेल्या दोन म्हाताऱ्या थांबल्या. “सगळ्या गावाने ऐकलंय ते. मी एकटीनेच नाही.”

“मी लिहिलेलं वाजवत होतो.”

“आणि ते उत्तर नव्हतं?”

“ते फावाचं होतं. तू उतरलीस की मी उतरायचं, तू सोडलंस की मी उचलायचं, असं त्याने लिहिलं. मी बरं वाजवतो, म्हणून ते खरं वाटतं. अगं, ओबोवर ‘नाही’ म्हणता येत नाही. काहीही फुंकलं तरी ते ‘हो’ वाटतं. म्हणून तर मी तोंडाने सांगितलं होतं. रेज्जोला. एकदाच, सरळ.”

“का नाही, ते नाही सांगितलंस.”

“कारण नाहीये.”

“नाहीये, की सांगायचं नाहीये?”

तू भिंतीला टेकलास. खूप थकलेला दिसलास. “शोधलं मी,” म्हणालास. “तुला वाटतं मी शोधलं नाही? तू चांगली आहेस, हसवतेस, तुझ्यासारखं गाणारी माझ्या ऐकण्यात दुसरी नाही. रेज्जोहून परत येताना अख्ख्या वाटेत मी स्वतःला हेच सांगत होतो. पण तुला बघून मला काही होत नाही. नाही होत, त्याला मी काय करू?”

मी म्हणाले, होईल. हळूहळू होईल. मी थांबेन.

“मला तुझ्याकडून काही नको,” तू म्हणालास. “राग नाही माझा. ओठाचाही नाही. पण काही नको. एवढा तयार कान तुझा, आणि एवढं एक तुला ऐकू येत नाही.”

तेवढ्यात ब्रिजिदा ओरडली, “झालं का? मासे नासतायत.” आणि तू गेलास.

मी त्या कमानीत किती वेळ उभी होते कोण जाणे. शेवटी त्या दोन म्हाताऱ्यांतली एक जवळ येऊन म्हणाली, “पोरी, घर कुठे तुझं? सोडू का?”  घर कुठे तेच मला आठवेना.

सगळं लिहून झालं. पुन्हा वाचलं. कुठेही ‘हो’ सापडत नाही.

ओर्सोला


बोलोन्या, २३ फेब्रुवारी १७३५

तादेओ,

आज राखेचा बुधवार, उपासाचे दिवस सुरू. कार्निव्हल संपला, थिएटरला कुलूप लागलं. सकाळी कपाळाला राख लावून आले आणि लिहायला बसले.

गेला आठवडा मी धड जेवले नाही आणि कामापुरतं सोडून कोणाशी बोलले नाही. तुझ्या दाराशी दोनदा आले होते, हेही सांगून टाकते. दोन्ही वेळा कडीला हात लावून परतले. तिसऱ्यांदा निघाले तेव्हा जिन्यातच बसले आणि विचार केला, मी तिथे जाऊन काय देणार? तुला नकोय तेच ना? मग मी वर आले आणि पार्माला पत्र लिहिलं. सरदारांच्या कारभाऱ्याला. नक्कल ठेवली नाही, पण मजकूर असा होता:

“तीन तारखेला तादेओ रिगी यांचा सूर फुटला तो त्यांच्या कमीपणामुळे नव्हे. मी, ओर्सोला झाम्बेल्ली, त्यांचा ओठ फाटलाय हे माहीत असताना, रोज कागदावर नसलेली तान वाढवत गेले आणि त्यांना ती वाजवायला लावली. त्यांच्या बहिणीने मला विनवलं होतं. माएस्त्रोंनी त्या दिवशी नको म्हणून खूण केली होती, त्यांना विचारावं. कारण खासगी आहे आणि ते माझं एकटीचं आहे. असं करणाऱ्या गाणारणीबरोबर कोणी वाजवू नये असं आपल्याला वाटलं, तर तेही रास्त आहे.”

खाली सही केली आणि फावाचीही घेतली. तो वाचून म्हणाला, “बाई, हे गावोगाव जाईल. कारभारी लोकांना दुसरा उद्योग काय असतो?” मी म्हणाले, जाऊ दे. त्याने सही केली आणि बराच वेळ नाक शिंकरत बसला.

आता कालचं. शेवटचा प्रयोग, पाय ठेवायला जागा नव्हती. पान्दोल्फींनी मोदेनाचा ओबोवाला आणला होता, लाजाळू, घामाघूम झालेला. मी त्याला म्हणाले, माझ्या पदात तू वाजवू नकोस. त्याने देवाचे आभार मानले. फावा मात्र उडालाच.

“मग ओबोच्या जागा कोणी भरायच्या?”

“कोणीच नाही.”

“शिट्ट्या मारतील लोक.”

“मारू देत. तू फक्त ताल सोडू नकोस. त्याच्या जेवढ्या मात्रा आहेत तेवढ्या पुऱ्या जाऊ देत.”

मी गायले, “उत्तर दे,” आणि थांबले. लोक खोकले. पुन्हा गायले, पुन्हा थांबले. सज्ज्यातून कोणीतरी बदकासारखं केलं आणि हशा पिकला. मी पूर्ण मात्रा थांबले, हसणं संपेपर्यंत नाही, मात्रा संपेपर्यंत, आणि पुढची ओळ हसण्यातच उचलली. तिसऱ्या जागेला कोणी हसलं नाही. चौथ्या जागेला काहीच नव्हतं. मेणबत्त्यांची चरबी ठिबकत होती तेवढी ऐकू आली.

मग पहिला भाग परत आला. मी एकही हरकत घेतली नाही, एकही तान नाही. कागदावर होता तसा गायले. मला वाटायचं त्या पदात मी तुला सगळं सांगतेय. काल पहिल्यांदा मला ते पद ऐकू आलं, तादेओ. किनाऱ्यावर एक बाई आहे आणि तिला कोणी उत्तर देत नाही. एवढंच आहे ते. ओबो त्यात कधी नव्हताच. तो मी घुसवला होता.

संपलं तेव्हा थोड्या टाळ्या झाल्या. पुन्हा गा असं कोणी म्हणालं नाही. आत पान्दोल्फी उभे होते. “सिन्योरा, माझं सोन्यासारखं पद तुम्ही मारून टाकलंत.”

“हो,” मी म्हणाले.

“वसंतात मी दुसरं कोणी बघतो.”

“बघा.”

मला वाटलं होतं, असं काही केल्यावर हलकं वाटेल. नाही वाटत. सकाळपासून चार वेळा खिडकीशी जाऊन आले, तू येतोयस का बघायला.

ओर्सोला


लिव्होर्नो, २९ मार्च १७३५

तादेओ,

पार्माचं उत्तर माझ्या पत्त्यावर आलं, म्हणून ते घेऊन मला तुमच्या घरी यावं लागलं. मी उंबऱ्याबाहेरच थांबले होते, आत आले नाही. तू मागच्या अंगणात होतास असं ब्रिजिदा म्हणाली.

तिने ते दारातच फोडून वाचलं. जागा अजून भरलेली नाही, सप्टेंबरात तुझं वाजवणं ऐकतील, ओठ तोवर बरा झाला तर. तिने दोनदा वाचलं. मग आत गेली. मी तिथेच. तिला यायला वेळ लागला.

“काय म्हणाला?” मी विचारलं.

“म्हणाला, बरं झालं.”

“आणखी?”

“आणखी काय? बरं झालं म्हणाला.” मग तिने माझा हात धरला, पिठाचाच हात तिचा, आणि म्हणाली, “जा आता. जेवत जा. कसली झालीयस बघ.”

इथे येईपर्यंत तीन दिवस गाडीत मी ते दोन शब्द उलटेपालटे करून बघितले. ‘बरं’वर जोर दिला तर एक होतं, ‘झालं’वर दिला तर दुसरं. मध्ये जरा थांबला असशील तर तिसरं. मला येतंच ते, त्यावरच तर पोट भरते. काल बंदरावर सामान चढवताना हमाल म्हणाला, “बाई, स्वतःशी काय गाताय?” तेव्हा मी गप्प झाले. पार्माचं काम झालं, ते बरं झालं, असं तू म्हणालास. त्यात आणखी काही नाही.

माझं तुझ्यावरचं प्रेम गेलं असं लिहिणार नाही. खोटं होईल आणि खोटं मी या पत्रांत पुरेसं लिहिलंय. आज उठल्या उठल्याही ते होतंच, पायात गोळा यावा तसं. मी पाय ताणून बसले आणि मग उठले.

जहाज उद्या निघतं. जिथे जातेय तिथे दोन वर्षांचा करार आहे, मंचावर छोटी कामं, आयांची आणि दायांची. गाव कोणतं ते ब्रिजिदाला सांगितलं नाही आणि इथेही लिहीत नाही. लिहिलं तर पोचल्या दिवसापासून मी टपालाची वाट बघत बसेन. आणि तू भला माणूस, मला काय लिहावं म्हणून कोरा कागद घेऊन बसशील.

तुझ्याकडे मला लिहिण्यासारखं काही नाही. ते तू मला सांगितलेलं आहेस.

ओर्सोला